घराजवळचा निसर्ग आणि कुटुंबाची सहल

मार्गशीर्षातील अमावस्येच्या दिवशी एखादा परगावचा माणूस लातूर शहरात उतरला, तर तो क्षणभर बुचकळ्यात पडतो. दुकाने बंद, रस्ते ओस आणि गल्ल्या शांत असतात. चौकशी केल्यावर त्याला कळते की, आज वेळ अमावस्या आहे व सारे गाव शेतावर गेले आहे. ग्रामीण बोलीत या सणाला ‘येळवस’ म्हणतात. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत आणि लगतच्या काही भागांत तो मोठ्या उत्साहाने साजरा होतो.

या दिवशी शेतात ज्वारीच्या कडब्याची कोप उभारली जाते. तीत पाच पांडव म्हणून दगड मांडून त्यांची पूजा होते. मग बांधावर पंगत बसते. तूर, हरभरा, वाटाणा, वाल अशा कोवळ्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि माठातील गार आंबील हा या दिवसाचा ठरलेला बेत असतो. ज्याला स्वतःचे शेत नाही, त्याला कोणी ना कोणी आपल्या शेतावर आग्रहाने बोलावते. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्यावाचून पुढे जाऊ देत नाहीत. नोकरीनिमित्त दूर गेलेली मुले या दिवसासाठी गावी परततात. आजोबा नातवंडांना बांध दाखवितात, विहीर दाखवितात, कोणत्या झाडाची चिंच गोड आहे तेही सांगतात.

सहल म्हणून या दिवसाची नोंद कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत ठळकपणे होत नाही. तरीही कुटुंबाच्या सहलीत जे जे असावे, ते सारे या एका दिवसात आहे. प्रवास थोडा आणि खर्च बेताचा असतो, तीन पिढ्या एकत्र असतात, जेवण मोकळ्या आभाळाखाली होते आणि ज्या भूमीवर आपण जगतो तिची ओळख नव्याने होते. सहलीचा आनंद अंतरावर अवलंबून नाही, ही गोष्ट वेळ अमावस्या दरवर्षी सिद्ध करते. घराजवळची अशी स्थळे राखणे व ती कुटुंबांसाठी सुरक्षित करणे हे मुख्यतः गावाच्या हाती असते. त्याच दृष्टीने या विषयाचा येथे विचार केला आहे.

वनभोजनाची जुनी परंपरा

सहल ही शहरी लोकांची हौस आहे, असा समज अलीकडे रूढ झाला आहे. तो बरोबर नाही. ऋतू पाहून घराबाहेर पडण्याची आणि एकत्र जेवण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र होती व आहे. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली आवळी भोजन होते. थंडीत ज्वारीची कणसे भरली की शेतातील आगटीत हुरडा भाजला जातो व तो तिळाच्या, जवसाच्या किंवा लसणाच्या चटणीबरोबर खाल्ला जातो. रायगड जिल्ह्यात याच दिवसांत मडक्याला भांबुर्ड्याचा पाला लावून, त्यात वालाच्या शेंगा भरून पोपटी लावतात. या प्रत्येक प्रथेत विशिष्ट ऋतूचे पीक आहे आणि ते पिकते तेथेच बसून खाण्याचा आनंद आहे.

या प्रथांचा आता आर्थिक उपयोगही होऊ लागला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यामुळे शेतावर पाहुण्यांची सोय करणाऱ्या शेतकऱ्याच्या व्यवसायाला अधिकृत स्थान मिळाले. शहरातील कुटुंब हुरड्यासाठी शेतावर येते, मुले बैलगाडीत बसतात, मोट कशी चालत होती ते विचारतात आणि शेतकऱ्याच्या घरी चार पैसे येतात. तथापि, गावातील लोकांनी स्वतःच्या आनंदासाठी आपल्याच पंचक्रोशीत फिरणे हा सहलीचा मूळ प्रकार होय. तो मागे पडू नये.

दृश्यामागील कारण

निसर्गदृश्य सुंदर आहे एवढे म्हणून पुष्कळ लोक थांबतात. ते तसे का झाले, हे थोडे समजले तर तेच दृश्य अधिक अर्थपूर्ण वाटू लागते. मुलांच्या बाबतीत तर हे विशेष खरे आहे.

सह्याद्रीच्या कड्यांकडे पाहिले असता त्यांत आडवे थर स्पष्ट दिसतात. हे थर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पुनःपुन्हा वाहिलेल्या लाव्हारसाचे एकावर एक बसलेले पापुद्रे होत. त्यांतील काही थर कठीण, तर काही मऊ असतात. मऊ थर लवकर झिजतो व कठीण थर उभा राहतो. त्यामुळे डोंगराला पायऱ्यांसारखा आकार येतो आणि पावसाळ्यात प्रत्येक पायरीवरून पाणी कोसळते. धबधबा, कडा आणि किल्ल्याचा ताशीव माथा ही तिन्ही दृश्ये या एकाच कारणातून निर्माण झाली आहेत. गडावर गेलेल्या मुलाला इतिहासाबरोबर हेही सांगता येते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर हे याच खडकावर उल्का आदळून झाले. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असून सरोवराचे पाणी खारे व क्षारयुक्त आहे. २०२० मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या, यादीत समाविष्ट झाले. विवराच्या काठावर उभे राहून खाली पाहणाऱ्या कुटुंबाला एखाद्या ग्रंथातील प्रकरण डोळ्यांसमोर उलगडल्यासारखे वाटते.

प्रत्येक स्थळ असे अपूर्व नसते, हे खरे. परंतु पाहण्याची सवय लागली की साधे स्थळही बोलू लागते. गावाजवळच्या पाझर तलावाचे उदाहरण घ्यावे. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर दुष्काळी कामे निघाली व त्यांतून अनेक पाझर तलाव झाले. ज्यांनी त्या वेळी डोक्यावर पाट्या वाहून बांध घातला, ती पिढी आज आजी-आजोबांच्या वयात आहे. त्या तलावाच्या काठी हिवाळ्यातील एखाद्या सकाळी नातवंडांना घेऊन बसणे, बांध कसा घातला ते सांगणे आणि पाण्यावर उतरलेली बदके मोजणे, ही सहल कोणत्याही प्रसिद्ध स्थळाच्या सहलीपेक्षा कमी नाही. तिला काळाची मर्यादा मात्र आहे. सांगणारी माणसे आहेत तोवरच ती करता येण्यासारखी आहे.

घराजवळच्या सहलीचे एक शारीरिक कारणही आहे. दिवसाच्या प्रकाशात मोकळ्यावर घालविलेला वेळ लहान मुलांत लघुदृष्टिदोष सुरू होण्याची शक्यता कमी करतो, असे नेत्रवैद्यकाच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. मोबाईलच्या पडद्यात गुंतलेल्या मुलाला वर्षातून एकदा दूरच्या थंड हवेच्या ठिकाणी नेऊन हा लाभ होत नाही. त्यासाठी दर आठवड्याला जाता येईल अशी जागा हवी, आणि ती घराजवळच असू शकते.

वर्षभराचे वेळापत्रक

महाराष्ट्राच्या निसर्गात प्रत्येक ऋतूला स्वतंत्र स्थान आहे. ते लक्षात घेऊन सहल आखल्यास गर्दी टळते व पाहण्यासारखे अधिक मिळते.

पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, सह्याद्रीतील झाडांवर काजवे चमकू लागतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदरा परिसर यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. हिरडा, बेहडा, ऐन, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एकाच लयीत उजळतात व विझतात. हा प्रकाश म्हणजे नर काजव्याने मादीला घातलेली साद असते. मोटारीचे दिवे आणि विजेऱ्या यांच्या झोतात ही साद हरवते व त्या रात्रीचे मीलन टळते. म्हणून काजवे पाहावयास जाणाऱ्याने प्रकाश न्यावयाचा नसतो, अंधारात स्वस्थ उभे राहावयाचे असते.

ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत पठारांवर फुलांचा हंगाम असतो. सातारा शहरापासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावरील कास पठार सर्वांना ठाऊक आहे. तेथे सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ८५० जाती नोंदविल्या गेल्या आहेत. कीटक पकडून खाणारी दवबिंदू व सीतेची आसवे ही फुले तेथे दिसतात, तर टोपली कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. हे पठार जांभ्या खडकाचे असून त्यावरील मातीचा थर अगदी पातळ आहे. मोठे झाड तेथे मूळ धरू शकत नाही म्हणूनच लहान फुलांना जागा मिळाली आहे.

हिवाळा हा पक्ष्यांचा काळ होय. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ बंधारा बांधण्यात आला. कालांतराने जलाशयात गाळ साचला. सिंचनाच्या दृष्टीने ती हानीच म्हणावी लागेल. परंतु त्यातून उथळ पाणथळ जागा तयार झाली आणि हजारो स्थलांतरित पक्ष्यांना आसरा मिळाला. जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. भीमा नदीवरील उजनी जलाशयात पाणी ओसरू लागले की भिगवण परिसरातील दलदलीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. स्थानिक मच्छिमार आपल्या नावांतून पाहुण्यांना पक्षी दाखवितात व त्यांना पूरक उत्पन्न मिळते.

उन्हाळ्यात माणसे डोंगरमाथ्याकडे वळतात. महाबळेश्वर, माथेरान, चिखलदरा ही नावे सर्वपरिचित आहेत. माथेरानला १९०७ पासून नेरळहून छोटी आगगाडी जाते. तिच्या वळणावळणाच्या प्रवासात मुलांना जेवढा आनंद होतो, तेवढाच वृद्धांनाही होतो. परंतु उन्हाळ्यातही नदीकाठचा करंज, गावाबाहेरची आमराई आणि देवराईची सावली घराजवळच उपलब्ध असते.

मोठ्या शहरांतील कुटुंबांनाही निसर्ग जवळ नाही असे म्हणता येणार नाही. मुंबईच्या कुशीत बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरवर पसरले आहे. कान्हेरीची लेणी त्याच वनात आहेत. पनवेलजवळचे कर्नाळा अभयारण्य हे मुंबई व नवी मुंबईकरांना एका दिवसात करता येण्यासारखे आहे.

देवराईचा नियम

घराजवळच्या निसर्गाचे सर्वांत जुने जतन देवराईच्या रूपाने झाले आहे. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास केला आणि या राया म्हणजे मूळ अरण्याचे उरलेले नमुने आहेत, हे अभ्यासकांच्या लक्षात आणून दिले. वाघजाई, काळकाई, म्हातोबा अशा देवतांच्या नावाने राखलेल्या या वनांत काटकीसुद्धा तोडावयाची नाही, असा दंडक असे. परिणामी तेथे जुनी झाडे, प्रचंड वेली आणि बारमाही झरे टिकून राहिले.

या दंडकात सहलीचा उत्तम नियम दडलेला आहे. देवराईत गावकरी जात, बसत, वर्षातून एकदा तेथे स्वयंपाक करून जेवतही. म्हणजे तेथे जाण्याला बंदी नव्हती, नेण्याला बंदी होती. आजच्या सहलीलाही हाच नियम लावता येईल. वनात जावे, बसावे, पाहावे. तेथून काही आणू नये आणि तेथे काही टाकू नये. फूल तोडणाऱ्याचा हात एकच असतो, परंतु त्याच्यामागे येणारे हजारो असतात.

गर्दीचा भार

प्रसिद्ध झालेल्या स्थळांची स्थिती पाहिली म्हणजे या नियमाची आवश्यकता पटते. कास पठाराचा समावेश असलेल्या पश्चिम घाटातील स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला व तेथे लोकांची रीघ लागली. पातळ मातीवर हजारो पावले पडली की माती घट्ट होते, बी रुजत नाही आणि पुढील वर्षी त्या जागी फूल येत नाही. याची दखल घेऊन हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी व प्रवेशशुल्क अशी व्यवस्था करण्यात आली. परिसरातील गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या ती राबवितात. गावातील तरुणांना मार्गदर्शकाचे काम मिळते आणि शुल्कातून स्वच्छतेचा खर्च निघतो. मर्यादा घातल्याने स्थळाचे महत्त्व कमी झाले नाही. उलट ज्यांना प्रवेश मिळतो, त्यांना फुले निवांत पाहता येतात.

या व्यवस्थेतून दोन धडे मिळतात. स्थळाची सहनशक्ती ठरलेली असते व तिचा हिशेब मांडता येतो, हा पहिला धडा. स्थळाची राखण करणाऱ्यास त्यातून उत्पन्न मिळाले तरच राखण टिकते, हा दुसरा. आणखी एक विचार यातून सुचतो. दहा प्रसिद्ध ठिकाणांवर पडणारा भार शंभर लहान ठिकाणांवर विभागला गेला, तर त्या दहांचेही रक्षण होईल. घराजवळच्या सहलीला याही दृष्टीने महत्त्व आहे.

पाण्याचा विश्वास धरू नये

आनंदाच्या या विषयात एक गंभीर बाजू आहे व ती टाळून चालणार नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. प्रवाहाच्या मधोमध ते एकमेकांना धरून उभे असताना पाणी वाढत गेले आणि काठावरील लोकांना काहीही करता आले नाही. पुढील वर्षी, १५ जून २०२५ रोजी, मावळ तालुक्यातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला व चार जण मृत्यू पावले. दोन्ही दिवस रविवारचे होते आणि दोन्ही ठिकाणी माणसे आनंदासाठीच गेली होती.

धबधब्याचे पाणी अकस्मात का वाढते, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे आवश्यक आहे. आपण उभे असतो तेथे पाऊस नसला, तरी वरच्या डोंगरावर तो कोसळत असतो. कातळाचा उतार तीव्र असल्याने ते पाणी मुरत नाही, थोड्याच वेळात एकवटून खाली येते. त्याची पूर्वसूचना बहुधा मिळते. स्वच्छ पाणी गढूळ होऊ लागते, पाने व काटक्या वाहत येतात आणि पाण्याचा आवाज बदलतो. यांपैकी एक खूण दिसली तरी तत्काळ काठ गाठावा. सामान, चपला किंवा छायाचित्र यांसाठी क्षणभरही थांबू नये. गुडघ्याएवढे वेगवान पाणी शेवाळलेल्या कातळावर धडधाकट माणसालाही उभे राहू देत नाही. म्हणून पावसाळ्यात धबधबा दुरून पाहावा व प्रवाहात उतरूच नये, हा सरळ नियम उत्तम.

इतर काही धोकेही ध्यानात ठेवावेत. वीज कडाडू लागली तर एकट्या झाडाखाली, उघड्या माळावर किंवा गडाच्या बुरुजावर थांबू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाईल ॲप जवळपासच्या विजेची पूर्वसूचना देते. किल्ल्यांवर व लेण्यांत आग्या मोहोळे असतात. धूर, दगडफेक आणि उग्र अत्तर यांनी माश्या चवताळतात. तेथे चूल किंवा शेकोटी पेटवू नये. माकडांना खाऊ घालू नये, कारण त्यांना त्याची सवय लागली की ती पुढील पाहुण्याच्या हातातील पिशवी ओढतात व मुलांना चावे घेतात.

पावसाळ्यात जिल्हाधिकारी धोक्याच्या ठिकाणी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ अन्वये मनाई आदेश काढतात. हे आदेश आनंदावर विरजण घालण्यासाठी काढलेले नसतात. मात्र आदेशाचा कागद जिल्ह्याच्या ठिकाणी व धबधबा तीस किलोमीटरवर, अशी स्थिती असली तर त्याचा उपयोग होत नाही. तो धबधब्याच्या वाटेवर मराठीत व ठळक अक्षरांत लागलेला असावा आणि गर्दीच्या दिवशी गावातील माहीतगार माणूस तेथे उभा असावा.

प्रवास, खर्च आणि शिदोरी

बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबाला सहलीचा विचार करताना प्रथम भाड्याचा प्रश्न पडतो. एस.टी.च्या सवलतींमुळे तो पुष्कळ सुलभ झाला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांसाठी मोफत प्रवासाची योजना सुरू झाली आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत देण्यात आली. आजी, आई, मुली अशा घरातील अनेकांचा खर्च त्यामुळे निम्म्यावर येतो. तालुक्यातील निसर्गस्थळाकडे सुटीच्या दिवशी सकाळी जाणारी व संध्याकाळी परतणारी फेरी असली, तर खाजगी वाहन नसलेल्या कुटुंबालाही बाहेर पडता येते. अशी मागणी ग्रामपंचायतीने ठरावाद्वारे आगाराकडे करावी.

शिदोरी हा सहलीचा प्राण होय. दूध घालून भिजविलेल्या पिठाच्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या पोळ्या हे प्रवासात टिकणारे पदार्थ आपल्या घरांतून पूर्वापार होत आले आहेत. ते केळीच्या पानात किंवा फडक्यात बांधून नेता येतात व मागे कचरा राहत नाही. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्या व एकदा वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे, याचेही स्मरण ठेवावे.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. पुष्कळ घरांत सहलीच्या दिवशी गृहिणी पहाटे चारला उठते, शिदोरी करते, मुलांचे आवरते, सहलीच्या जागी पुन्हा वाढते आणि परतल्यावर भांडी घासते. सर्वांची सहल होते, तिची मात्र जागा तेवढी बदलते. कुटुंबाची सहल म्हणजे कुटुंबातील प्रत्येकाची सहल असे मानावयाचे असेल, तर स्वयंपाक सोपा असावा, कामे वाटून घ्यावीत आणि झाडाखाली निवांत बसण्याचा तासभर तिच्याही वाट्याला यावा. स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नसलेल्या ठिकाणी ती दिवसभर पाणी न पिता काढते, हेही वास्तव आहे. त्याचा संबंध थेट ग्रामपंचायतीशी येतो.

ग्रामपंचायत काय करू शकते

घराजवळचे स्थळ तयार करण्यास मोठा निधी लागत नाही. पहिले काम पाहणीचे आहे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते व तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. या नोंदवहीत गावातील झाडे, पक्षी, पाणथळ जागा व देवराया यांची माहिती असते. ती कपाटात न राहता त्यातील निवडक माहितीचा फलक गावाच्या वेशीवर लागला, तर गावाला आपल्याच संपत्तीची ओळख होईल.

दुसरे काम किमान सोयींचे. पिण्याचे पाणी, स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, वृद्धांना बसण्यासाठी झाडाभोवती पार आणि वाहने दूर थांबविण्याची जागा एवढ्या गोष्टी पुरेशा आहेत. सिमेंटचे पुतळे, रंगीत कारंजी व झगझगीत दिवे यांनी निसर्गस्थळाची शोभा वाढत नाही. पक्षी व काजवे तेथून निघून जातात. धरण किंवा वन यांची जागा असल्यास जलसंपदा विभाग व वन विभाग यांची पूर्वपरवानगी घेणे अर्थातच आवश्यक आहे.

तिसरे काम नियमांचे व हिशेबाचे. कचरा परत नेण्याची अट, मद्यपानास मनाई, ध्वनिवर्धकास मनाई आणि धोक्याच्या जागेची खूण हे नियम ग्रामसभेत ठरवावेत. माफक शुल्क घेतल्यास ते कोठे खर्च झाले, हे वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे वाचून दाखवावे. स्थळाची देखभाल महिला बचत गटाकडे दिल्यास जेवणाची सोय व स्वच्छता या दोन्ही गोष्टी साधतात.

शिक्षकांचा वाटा

शाळेची वार्षिक सहल बहुधा दूरच्या ठिकाणी जाते. तिचे महत्त्व आहेच. परंतु सहलीचे पैसे भरता न आल्याने वर्गातील काही मुले त्या दिवशी घरी राहतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असते. घराजवळच्या सहलीत कोणीही मागे राहत नाही. महिन्यातून एकदा वर्ग ओढ्याकाठी नेता येतो. तेच झाड बारा महिन्यांत बारा वेळा पाहिल्यावर पानगळ, पालवी, मोहोर व फळ यांचा क्रम मुलांना पाठ करावा लागत नाही.

यासाठी एक निमित्त राज्य शासनाने उपलब्ध करून दिले आहे. ज्येष्ठ अरण्यअभ्यासक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्मदिन १२ नोव्हेंबर या दरम्यानचा आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. या आठवड्यातील एका सकाळी पालकांनाही तलावावर बोलवावे. मुलांनी आईवडिलांना पक्ष्यांची नावे सांगावीत आणि आजोबांनी त्याच पक्ष्यांची गावातील बोलीभाषेतील नावे मुलांना सांगावीत. अशी बोलीतील नावे वहीत उतरून ठेवली, तर शाळेजवळ एक मोलाचा ठेवा तयार होईल.

समारोप

दूरची सहल करू नये, असे येथे सुचवावयाचे नाही. ताडोबाचे वाघ, लोणारचे विवर, सह्याद्रीचे कडे आणि कोकणचा सागरकिनारा प्रत्येक मराठी कुटुंबाने एकदा तरी पाहावेत. परंतु ज्याने आपल्या गावचा ओढा नीट पाहिला आहे, त्यालाच ती दूरची दृश्येही नीट दिसतात. आणि ज्या ओढ्याकाठी कुटुंबे बसतात, जेवतात व मुले खेळतात, त्या ओढ्यात कचरा टाकताना गावाचा हात अडखळतो. जागा वापरात असली की तिची काळजी घेणारे निर्माण होतात. जी जागा कोणीच पाहत नाही, तिचा उकिरडा होण्यास वेळ लागत नाही.

लातूर-धाराशिवच्या वेळ अमावस्येला संध्याकाळी माणसे गावाकडे परततात, तेव्हा कोपीचा कडबा जनावरांच्या वैरणीला जातो, पत्रावळी मातीत मिसळतात आणि दुसऱ्या दिवशी शेत पूर्ववत दिसते. राहते ती मुलांची आठवण. पुढच्या वर्षी तीच मुले आजोबांच्या आधी शेतावर जाण्यास निघतात. अशी एखादी जागा प्रत्येक गावाजवळ असावी आणि ती राखण्याची जबाबदारी गावाने आपली मानावी, हेच इष्ट होय.